'नको' म्हणायचं थांबवलं, एवढंच

मत्रहच्या आमच्या स्वयंपाकघरात सध्या चिलटं झाली आहेत. गेल्या शुक्रवारी नवऱ्याने उत्साहाने आंब्याची पेटी आणली, त्यातले दोन खालून नासलेले निघाले, आणि तिसऱ्या दिवशी ओट्यावर नुसता ढग. तो वैतागलाय. मला मात्र त्यांच्यावर फडकं मारवत नाही. पीएचडी धरून गेली अकरा वर्षं माझी मीठभाकरी याच किड्यावर चालली आहे. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. मराठीत याला फळमाशी म्हणायची पद्धत पडली आहे, पण आमच्या तासगावकडच्या शेतकऱ्याला फळमाशी म्हटलं की आंबा-पेरूला डंख मारून आत अंडी घालणारी ती मोठी माशी आठवते. ती वेगळी. हे आपलं नासक्या फळावर घोटाळणारं, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं चिलट.

माझं पोस्टडॉकचं काम युरोपातल्या एका प्रयोगशाळेत आहे, नवऱ्याची नोकरी मस्कतला. म्हणून वर्षातले तीन-चार महिने मी इथे, कॉर्निशच्या मागच्या गल्लीतल्या घरात, चिलटाच्या भ्रूणांचे फोटो लॅपटॉपवर लावून त्यातली केंद्रकं मोजत बसते. खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसतो. काम कंटाळवाणं आहे आणि मला आवडतं.

पण आज मला तुमच्याशी बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. 'मी हो म्हटलं नव्हतं, मी फक्त नको म्हणायचं थांबवलं.' गेली चार वर्षं मी हे वाक्य जवळ बाळगून आहे. तुम्हीही कधी ना कधी ते वापरलं असेल. मुलाला, बायकोला, भावाला, वरिष्ठांना, किंवा रात्री झोप येत नसताना स्वतःला.

माझ्यापुरती गोष्ट अशी. आई-वडील दोघं नोकरीला, म्हणून तिसरीपासून सातवीपर्यंत मी आत्याकडे वाढले, तासगावजवळच्या खेड्यात. चिलटं मी पहिल्यांदा पाहिली ती तिच्या पडवीत, द्राक्षांच्या पाट्यांवर. मी परदेशी गेल्यावरही दर वर्षी तिचा बेदाण्याचा डबा कुणा ना कुणाबरोबर पोहोचायचा. चार वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. व्हेंटिलेटर लागला. तेव्हा मी मत्रहला होते. आत्याचे दोन मुलगे. त्यातला धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारा. तो रोज रात्री फोन करायचा. तिकडचे साडेदहा म्हणजे इकडचे नऊ. डॉक्टर म्हणतात सुधारणेची आशा नाही, पुढे काय करायचं ते ठरवा. घरातली डॉक्टर मीच, माशीची का असेना. मी अकरा दिवस 'नको, अजून थांबू या' म्हणत राहिले. बाराव्या रात्री त्याने पुन्हा विचारलं. मी बराच वेळ काही बोलले नाही आणि मग म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'घरी नेतो' असं लिहून दिलं. गंभीर रुग्णाच्या बाबतीत ही वाट आपल्याकडे किती घरांनी चालून पाहिली आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल. अँब्युलन्समध्ये एक मुलगा सबंध रस्ता हाताने फुगा दाबत होता. घर आलं, आत्याला पडवीत ठेवलं, आणि त्याने दाबायचं थांबवलं.

तेराव्याला मी तिथे होते. पंगतीत कुणा पाहुण्याने विचारलं, हे ठरवलं कुणी? धाकटा म्हणाला, "ताईशी बोलूनच केलं. ती नको म्हणाली नाही." आणि मी, घास हातात तसाच धरून, चटकन म्हणाले, "मी तसं काही सांगितलं नव्हतं."

आता माझ्या भ्रूणांकडे येते. विषय बदललाय असं वाटेल, पण तो बदललेला नाही.

चिलटाचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. फलन झाल्यावर आत केंद्रकं दुप्पट, चौपट होत जातात, पण मध्ये भिंती घातल्या जात नाहीत. तेरा वेळा असं झालं की अडीच-तीन तासांत सुमारे ६००० केंद्रकं कवचाखाली एका थरात ओळीने बसलेली दिसतात. प्रत्येकात जनुकांची तीच संपूर्ण पोथी. डोक्याकडच्या केंद्रकात शेपटीचं पान आहे आणि शेपटीकडच्या केंद्रकात डोक्याचंही. मग कुणी कुठलं पान वाचायचं हे कसं ठरतं? शाळेत आपण शिकतो की बाहेरून संदेश येतो आणि जनुक सुरू होतं, बटण दाबल्यावर दिवा लागावा तसं. मीही पहिली दोन वर्षं असंच समजत होते. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी पान आधीपासून चिकटवून बंद केलेलं असतं. वाचणारे तयार बसलेले असतात. संदेशाचं काम खळ सोडवण्याचं.

शेवटच्या टोकाला शरीर घडवणाऱ्या एका जनुकाचं नाव टेललेस, म्हणजे बिनशेपटी. (आमच्यात जनुकाला ते बिघडल्यावर काय होतं त्यावरून नाव देतात. त्यामुळे शेपूट घडवणाराच बिनशेपटी ठरतो. याची सवय होते.) या टेललेसला सबंध अंड्यात गप्प बसवून ठेवणारं एक प्रथिन आहे, कापिकुआ. २००० साली गेरार्डो हिमेनेझ, जॉर्डी कासानोवा आणि सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवली. कापिकुआ हा कॅटलान शब्द आहे, अर्थ 'डोकं आणि शेपूट'. कारण आईकडून हे प्रथिन मिळालं नाही तर भ्रूणाला डोकं येतं, शेपूट येते, मधलं धड मात्र जवळजवळ नाहीसं होतं. टोकांची जनुकं मध्यापर्यंत पसरतात आणि धडाला जागाच उरत नाही. म्हणजे आपल्याला धड आहे ते कुणीतरी सतत 'नको' म्हणत असल्यामुळे. माशीपुरतं तरी.

मग टोकांना काय होतं? टॉर्सो नावाचा एक ग्राही अंड्याच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो, पण त्याला जागं करणारा रेणू फक्त दोन टोकांना मिळतो. टॉर्सो जागा झाला की आत निरोप हातोहात पुढे जातो, रासकडून राफकडे, राफकडून पुढच्याकडे, आणि शेवटी मॅप कायनेज नावाचं विकर कापिकुआवर फॉस्फेटचे गट चिकटवतं. कापिकुआची पकड सुटते, ते केंद्रकातून बाहेर पडतं, नष्ट होतं. टेललेस सुरू होतं. या सगळ्या साखळीत 'शेपूट कर' असा हुकूम कुठेही नाही. याचा पुरावा फार साधा आहे. कापिकुआ मुळातच नसलेल्या भ्रूणात टॉर्सोही काढून टाकला, तरी टेललेस सुरू होतंच. अडवणाराच नसेल तर अडसर काढणाऱ्याची गरज उरत नाही.

आता सांगा, शेपूट कुणी केली? टॉर्सोने? तो म्हणेल, मी कुठे केली, मी फक्त 'नको' म्हणणाऱ्याला बाजूला केलं.

तत्त्वज्ञानात या प्रकाराला दुहेरी प्रतिबंध म्हणतात. अडवणाऱ्याला अडवणं. काही तत्त्वज्ञ म्हणतात की याला खरं कारण म्हणता येणार नाही. कारण म्हणजे धक्का, आघात, काहीतरी इकडून तिकडे पोहोचणं. इथे तर काहीच पोहोचत नाही, उलट काहीतरी निघून जातं. जोनाथन शाफर यांनी २००० सालच्या एका लेखात यावर बंदुकीचं उदाहरण दिलं आहे. बंदुकीत स्प्रिंग आधीच ताणलेली असते आणि एका खटक्याने अडवून धरलेली असते. चाप ओढणारं बोट काडतुसावर आघात करत नाही, ते फक्त खटका बाजूला करतं. म्हणून आपण असं म्हणतो का, की या माणसाने गोळी झाडली नाही, फक्त खटका अडवायचा थांबला?

आणि त्याहून मला जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण स्नायूचं. बोट वाकवायचं असतं तेव्हा मज्जातंतूचा निरोप स्नायूत पोहोचतो, कॅल्शियम सुटतं, आणि ते काय करतं? स्नायूतल्या दोन तंतूंनी एकमेकांना पकडू नये म्हणून आड आलेलं एक प्रथिन बाजूला सरकवतं. बस. म्हणजे अँब्युलन्समधला तो मुलगा फुगा दाबत होता तेव्हासुद्धा, पेशींच्या पातळीवर, 'नको' बाजूला होत होतं. हाताने केलेल्या ज्या गोष्टीला आपण निःशंकपणे 'मी केलं' म्हणतो, तिच्याही पोटात अडसर काढणंच आहे. मग 'करणं' आणि 'नुसतं न अडवणं' यांच्यामध्ये मी जी भिंत बांधून तिच्याआड बसले होते, ती बांधली कशावर?

इथे तुम्ही म्हणाल, बाई, माशीच्या अंड्यावरून नीती काढू नका. बरोबर आहे. टॉर्सोला पश्चात्ताप होत नाही. एखादी गोष्ट माझ्यामुळे झाली एवढ्यावरून ती माझी चूक ठरत नाही, आणि आत्याच्या बाबतीत ती चूक होती असं मला वाटतही नाही. मला एवढंच म्हणायचंय की 'मी काही केलंच नाही' हा बचाव कामाचा नाही. 'मी केलं, आणि ते योग्य होतं' असा बचाव करता येईल. तो वेगळा आहे, आणि त्याला सही लागते.

माशीकडे माझ्या बाजूनेही एक साक्ष आहे, ती लपवत नाही. टॉर्सोचा निरोप दोन्ही टोकांना तोच असतो, तरी पुढे डोकं घडतं आणि मागे शेपूट. फरक येतो कारण पुढच्या टोकाला बायकॉइड नावाचं दुसरं प्रथिन आधीच बसलेलं असतं. ते नसेल तर पुढेही शेपटीचाच भाग उगवतो. म्हणजे अडसर काढणारा फक्त दार उघडतो. आत कोण येणार हे दाराबाहेर कोण उभं होतं त्यावर ठरतं. हे मला इथे राहून जास्त पटलं. मत्रहपासून चालत जाण्याच्या अंतरावर जुनं मस्कत आहे. सुलतान सईद बिन तैमूर यांच्या काळात तिथल्या वेशी सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद व्हायच्या आणि त्यानंतर कंदील हातात घेतल्याशिवाय रस्त्यावर फिरता येत नसे. सबंध देशात तीन शाळा. २३ जुलै १९७० ला सुलतान काबूस आले, बंदी उठत गेली, आणि बाहेरदेशी गेलेले, शिकलेले ओमानी परतू लागले. वेशीबाहेर कुणी उभंच नसतं तर नुसती वेस उघडून काय झालं असतं? आत्याच्या दाराबाहेर तिचा आजार उभा होता. तो मी आणला नाही. पण दार माझ्या एका वाक्याने उघडलं, तेही खरं.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार ज्या प्रकरणामुळे झाला ते मुंबईचं. अरुणा शानबाग, केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की औषध टोचून मारणं हा गुन्हा. जीव धरून ठेवणारे उपचार थांबवणं मात्र, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, चालू शकतं. पुढे २०१८ मध्ये घटनापीठाने ते मान्य करून इच्छापत्राची वाट दिली आणि २०२३ मध्ये ती थोडी सोपी केली. म्हणजे मी माझ्या वाक्यात जी रेघ ओढत होते, तीच कायद्यानेही ओढली आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्या निकालात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, अर्जदाराला नाही. ज्या परिचारिका त्यांना रोज भरवत होत्या, कूस बदलत होत्या, त्यांनी अन्न बंद करायला नकार दिला होता. त्यांच्या लेखी भरवायचं थांबवणं हे 'न करणं' नव्हतं, करणंच होतं. 'नको' कुणी उठवावं, हे 'नको' आजवर कुणी सांभाळलं त्यावर अवलंबून असतं, असं मी त्यातून वाचते. आणि हे वाचताना माझे अकरा दिवस आठवतात. मी समुद्रापलीकडून, जेवण झाल्यावर, खिडकीशी बसून 'नको' म्हणत होते. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झोपत होते दोघे भाऊ. बिलं ते भरत होते, आईच्या पाठीला पडलेल्या जखमा तेच पाहत होते. माझ्या 'नको'ची किंमत ते देत होते, आणि ते उठल्यावर 'हो'ची किंमतही मी त्यांनाच द्यायला लावली.

पुण्याच्या आयसरमध्ये माशीवर काम करणारे गिरीश रत्नपारखी लॉस एंजेलिसला पोस्टडॉक असताना त्यांचा एक शोधनिबंध २००६ मध्ये आला होता, डॉर्सल नावाच्या प्रथिनावर. डॉर्सल काही जनुकं सुरू करतं आणि काहींना गप्प बसवतं. गप्प बसवताना ते ग्राउचो नावाच्या साथीदाराचा हात धरतं, पण ही पकड मुळात सैल असते. प्रयोगात ती पकड घट्ट केली, तेव्हा डॉर्सल फक्त गप्प बसवणारं झालं, सुरू करण्याचं काम त्याच्याकडून होईना. निबंध कोरडा आहे, मी तो पीएचडीत चार वेळा वाचला होता. त्या अकरा दिवसांत आमच्या फोनवरही असंच झालं होतं, हे तेव्हा सुचलं नाही. माझं 'नको' इतकं घट्ट होतं की धाकट्याला जे विचारायचं होतं ते त्याने विचारलंच नाही. 'ताई, मी चुकतोय का?' एवढंच त्याला विचारायचं होतं, असं आता वाटतं.

आणि हा ग्राउचो. माशीच्या डोळ्यांवर दाट केस येणाऱ्या एका बदलावरून, विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या भुवयांची आठवण म्हणून पडलेलं नाव. तो स्वतः डीएनएला चिकटत नाही, अनेक दमनकारी प्रथिनं त्याला आपापल्या ठिकाणी बोलावून घेतात. २००५ साली झेएव पारूश यांच्या गटाने दाखवलं की मॅप कायनेजचा निरोप आला की ग्राउचोवरही फॉस्फेट चढतं आणि त्याची गप्प बसवण्याची ताकद कमी होते. नंतर त्यांच्याच गटाला दिसलं की निरोप विरून गेला, विकर थंड झालं, तरी ग्राउचोवरचं फॉस्फेट तसंच टिकून राहतं. पेशीला आता कुणी काही सांगत नसतं, पण ती मघाशी सांगितलं गेलं होतं याच समजुतीवर पुढे चालते. एक क्षणिक निरोप आणि नंतरचा लांब परिणाम. माझ्या स्क्रीनवर हे हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांत दिसतं. पंगतीतलं माझं वाक्य चार सेकंदांचं असेल. त्यानंतर धाकट्याने मला स्वतःहून फोन केलेला नाही. दिवाळीला मेसेज येतो, त्यात दिव्याचं चित्र असतं. बेदाण्याचा डबा थांबला, ते साहजिकच होतं. पण थोरल्याकडून कळलं की 'घरी नेतो'च्या त्या कागदावर सही धाकट्याची होती, आणि नातेवाईक अजून ती काढतात. "ताईने तर हात वर केले," असं तो एकदा बायकोला म्हणाला म्हणे.

याच्याशी मी वाद घातला होता, मनातल्या मनात, बरेच महिने. हात वर केले म्हणजे काय, मी निर्णय तुमच्यावर सोपवला, आईचा मान तुमचा, मी कोण बाहेरची. सगळी वाक्यं ऐकायला चांगली आहेत. त्यातल्या एकाही वाक्यात मी नाही, एवढीच अडचण. आता मला वाटतं की बाराव्या रात्री मला दोनच गोष्टी म्हणता आल्या असत्या. 'अजून नको', किंवा 'हो, न्या घरी, मीही म्हणतेय'. मी जे म्हटलं ते या दोन्हींमधलं नव्हतं. परिणाम दुसऱ्याचा झाला आणि तो माझ्या नावावर चढला नाही.

मला हे तुम्हाला का सांगायचं होतं? आपण परदेशात राहणारे लोक घरातल्या मोठ्या निर्णयांत फोनवरून असतो. आपलं 'नको' तिकडे अजून चालतं, पैशामुळे, शिक्षणामुळे, कधी नुसत्या वयामुळे. जमीन विकणं असो, आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवणं असो की बहिणीचं दुसरं लग्न. आणि ते 'नको' मागे घेताना आपण बहुधा आवाज न करता घेतो. तुमचं तसं नसेल तर चांगलंच आहे.

धाकट्याला इथल्या एका कंपनीत काम मिळालं आहे. येत्या गुरुवारी रात्री पोहोचतोय. कंपनीची खोली मिळेपर्यंत तो आमच्याकडे राहील, हे थोरल्याने ठरवलं, आम्ही दोघांनीही नको म्हटलं नाही. नवरा म्हणतो, विमानतळावर मी जातो, तू घरी थांब. मी म्हटलं, नाही, मी जाते. तिथून मत्रह अर्ध्या तासाचा रस्ता आहे, तेवढ्यात बोलून होईल. शुक्रवारी त्याला मासळीबाजारात नेईन, त्याला सुरमई आवडते. त्याआधी ओट्यावरची चिलटं घालवायला हवीत. वाटीत व्हिनेगर घालून ठेवलंय.